दासगाव ते महाड : पाच मैलांची वाट

मुंबई-गोवा महामार्गावर महाडच्या थोडे अलीकडे दासगाव लागते. बसच्या खिडकीतून गावाच्या नावाचा फलक दिसतो आणि वाचून होईपर्यंत मागे जातो. बाहेरच्यांना हे गाव माहीत झाले ते २००५ च्या जुलैत दरड कोसळली तेव्हा. आपल्या घरांत मात्र ते १९२७ पासून माहीत असायला हवे.

आम्ही दरवर्षी सहकुटुंब महाडला जातो. क्रांतिस्तंभ, चवदार तळे, बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन, दोन-चार पुस्तकांची खरेदी आणि संध्याकाळची परतीची गाडी. मागच्या खेपेला धाकटीने विचारले, "बाबा, तेव्हा लोक कोणत्या एस.टी.ने आले?" एस.टी. तेव्हा होती कुठे! पण उत्तर देताना लक्षात आले की स्तंभापाशी आपण तारीख सांगतो, तळ्यावर घटना सांगतो. माणसे आली कशी, हे सांगायचेच राहून जाते. म्हणून या २५ डिसेंबरला आम्ही दासगावलाच उतरलो.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, मग परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ला झाला, तळे शेण-गोमूत्राने 'शुद्ध' केले गेले, हे आपल्या पोरांना पाठ आहे. डिसेंबरची परिषद त्यानंतरची. मोटारवाले गाड्या द्यायचे नाकारतील, अशी शक्यता होती. तेव्हा २४ डिसेंबरला बाबासाहेब २०० हून अधिक प्रतिनिधींसह 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगाव बंदरात उतरले. तिथे सुमारे ३००० सत्याग्रही त्यांची वाट पाहत होते. तिथून महाड पाच मैल. सगळे पायी निघाले. महाडचे व्यापारी काही विकणार नाहीत म्हणून धान्यसुद्धा बाहेरून आणलेले. मंडपाला जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. त्याच रात्री तिथे मनुस्मृती जळाली.

आम्ही चाललो तो रस्ता आता चौपदरी. ट्रक अंगावर आल्यासारखे जातात, म्हणून पोरींना आतल्या बाजूला घेतले. अर्ध्या वाटेत धाकटीला तहान लागली. मी तिला सांगितले, मार्चच्या परिषदेत पाणी मिळेना म्हणून आपल्या लोकांनी ४० रुपयांचे पाणी विकत घेतले होते. आई चटकन म्हणाली, "मग आपण बाटलीला पैसे दिले ते काय?" मी म्हटलं, "आई, ही बाटली कुणालाही मिळते. तेव्हा पाणी समोर होतं, ते फक्त आपल्याला नव्हतं." आई गप्प झाली. पुढे तिचे गुडघे बोलू लागले, तेव्हा तिला रिक्षात बसवून दिले.

तळ्यावर पोचल्यावर थोरलीने विचारले, "मग डिसेंबरला सगळे पाणी प्यायले ना?" नाही प्यायले. १४ डिसेंबरला कोर्टाचा मनाई हुकूम झाला होता. ३८८४ जणांनी सत्याग्रहासाठी नावे दिली होती. एवढी माणसे पाच-पाच मैल, कुणी त्याहूनही लांबून चालत आलेली, आणि समोर पाणी! तरी बाबासाहेबांनी समजावल्यावर सत्याग्रह तहकूब झाला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळाने. मला विचाराल तर पाणी पिण्याइतकाच हा न पिता घातलेला वळसा मोठा आहे. आपल्या भाषणांत तो फारसा येत नाही. आम्ही चौघे-पाच जण त्या दिवशी तसाच वळसा घालून आलो.

आईला आवडली ती वेगळीच गोष्ट. त्याच डिसेंबरात बाबासाहेब महाडला आपल्या बायकांशी बोलले. लुगडी नीट, पूर्ण नेसा, अंगावरच्या जातीच्या खुणा टाकून द्या, असे त्यांनी सांगितले, आणि बायकांनी लगेच तशी लुगडी नेसून दाखवली. आईने आपला पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझी आजी घोट्यापर्यंत नेसायची, ते आत्ता कळलं."

कुणाला जायचे असेल तर तिकीट काढतानाच वाहकाला दासगाव सांगून ठेवा. सकाळी लवकर उतरा, दहानंतर ऊन चढते. पाणी बरोबर घ्या. वयस्कर माणसे असतील तर रिक्षापुरते सुटे पैसे ठेवा.