जोत्यापासून कौलांपर्यंत

दि. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ कोंकणच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां दापोली तालुक्यांतील आमच्या वडिलोपार्जित घराचें छप्पर उडून आगरांतील मोडलेल्या माडा-पोफळींच्या शेजारीं जाऊन पडलें. मातीच्या भिंती उभ्या राहिल्या खऱ्या. पण त्यांवर पावसाळाभर धारा पडल्यावर त्यांत कांहीं राम उरला नाहीं. दीड वर्ष धाकट्या बंधूंनीं पडवीवर ताडपत्री घालून काढलें. अखेर २०२१ च्या मार्गशीर्षांत जुन्याच जागीं, परसाकडे एक खण वाढवून, नवें घर बांधण्याचें ठरलें. आणि आम्हां तिघां भावांत नोकरीच्या पाशांतून सुटलेला असा मी एकटाच असल्यामुळें देखरेखीचें काम माझ्याकडे आलें.

देखरेख म्हणजे काय, हें वाचकांपैकीं ज्यांनीं घर बांधविलें असेल त्यांस सांगावयास नको. ज्यास त्या कामांतलें कांहीं येत नाहीं, त्यास खुर्ची देऊन बसवितात. आयुष्यभर मुलांकडून शब्दरूपें पाठ करून घेतलीं. आतां ओळंबा, गुण्या, पाणसळ, परांची हे शब्द मिस्त्रीनें माझ्याकडून पाठ करून घेतले. ओळंब्याच्या दोरीशीं भिंत चिमूटभरही खोटें बोलूं शकत नाहीं, हें पाहून मला त्या साधनाविषयीं फार आदर वाटूं लागला.

काम सुरू होण्यापूर्वीं एका स्नेह्यांनीं वास्तुशास्त्राचे एक जाणकार पाठविले. त्यांनीं आग्नेय, ईशान्य असें बरेंच सांगून जुनी विहीरच बुजविण्याचा सल्ला दिला. ज्या विहिरीनें आमच्या चार पिढ्यांस पाणी पाजलें, ती बुजवून मग घर कोणत्या पाण्यानें बांधावयाचें, याचें उत्तर त्यांच्यापाशीं नव्हतें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील वास्तुविद्येचें प्रकरण मीं पूर्वीं वाचिलेलें आहे. त्यांत भूमीची एक परीक्षा दिली आहे. हातभर खोल खड्डा खणावा, आणि निघालेली माती पुन्हा त्यांतच भरावी. माती कमी पडली तर जागा वाईट, बरोबर झाली तर मध्यम, उरली तर उत्तम. घट्ट जमीन खणली कीं माती फुगते आणि उरते. भरावाची भुसभुशीत जमीन असली तर तीच माती पुरत नाहीं. दीड हजार वर्षांपूर्वींच्या त्या पंडितानें येथें शकुन सांगितलेला नसून पाया सांगितलेला आहे. वाढीव खणाच्या जागीं नातवंडांकडून मीं ही परीक्षा करविली. दोन घमेलीं माती उरली. मिस्त्री हंसून म्हणाला, “गुरुजी, हें मला पहारीच्या पहिल्या घावालाच कळलें होतें.”

भिंती जांभ्या दगडाच्या. हा दगड आमच्याकडे इतका सर्वत्र आहे कीं त्याचें कौतुक कोणी करीत नाहीं. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रज सरकारच्या चाकरींतील वैद्यानें १८०७ सालीं मलबारांतील असाच दगड पाहून, लॅटिनांतील विटेच्या शब्दावरून, त्यास लॅटराइट असें नांव दिलें. नांव यथार्थ आहे. खाणींतून निघतांना चिरा मऊ असतो, म्हणून तो विटेसारखा हवा तसा कापतां येतो. मग वारा-ऊन लागून तो कठीण होत जातो. पूर्वीं टिकावानें चिरे काढीत, आतां यंत्राच्या फिरत्या पात्यानें काढतात, आणि खाणीवर तांबड्या धुळीचे लोट उठतात. आमचे चिरे आंगणांत रचून ठेविले होते. मातोश्री काठी टेकीत रोज तेथवर जात आणि एकेका चिऱ्यावर हात फिरवून परत येत. त्यांचें वय तेव्हां ८७ होतें. पुढील पावसाळ्याआधीं घर व्हावें, एवढेंच त्या म्हणत. त्यामागचें कारण आम्ही कोणी उच्चारीत नव्हतों.

आतां जें सांगावयाचें तें नकाशाचें. पुण्याहून मधल्या बंधूंनीं जो नकाशा करवून आणला, त्यांत स्वयंपाकघरें दोन होतीं. एक गांवीं राहणाऱ्या धाकट्या बंधूंच्या कुटुंबासाठीं, दुसरें आम्हां येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठीं. यांत मधल्या बंधूंचा हेतु वांकडा होता असें मुळींच नव्हे. “आम्ही यावें आणि वहिनींनीं सर्वांचें रांधावें, हें किती दिवस चालायचें, अण्णा?” असें ते म्हणाले, आणि त्यांत तथ्य होतें. गणपतींत आमच्याकडे पानें सत्तावीस होतात. एकत्र कुटुंबाची थोरवी गाणारे बहुधा पंक्तीला बसणारे असतात; चुलीशीं बसणाऱ्यांचें मत कोणी विचारलेलें माझ्या ऐकिवांत नाहीं.

नकाशा मातोश्रींस समजावून सांगितला. त्यांनीं सगळा ऐकून घेतला आणि विचारलें, “मग माझें पान कोणत्या खोलींत मांडायचें?”

कोणी बोललें नाहीं. दोन दिवस काम जोत्यावरच थांबलें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं धाकट्या सूनबाई चहा घेऊन आल्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. त्या घरांत येऊन बावीस वर्षें झालीं; पण माझ्यासमोर आपण होऊन घराच्या कारभाराविषयीं बोलण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्या म्हणाल्या, “अण्णा, चूल एकच ठेवा. पण ती माझ्या एकटीची नको.”

मीं पुण्यास फोन लाविला आणि तें वाक्य जसेंच्या तसें सांगितलें. एकच मोठें स्वयंपाकघर करावें, त्यांत ओटे दोन असावेत, आणि येणाऱ्यांनीं कामाची पाळी लावून घ्यावी, असें ठरलें. मात्र मधल्या बंधूंनीं एक मागणी केली, ती सर्वांनीं मान्य केली. पुढेंमागें मधली भिंत घालण्याची वेळ आली तर सोय असावी. मिस्त्रीनें लांब भिंतीच्या मध्यावर एकाआड एक चिरा चार-चार बोटें बाहेर सोडला. नवी भिंत जुनीला धरून राहावी म्हणून असे दांते सोडण्याची रीतच आहे.

भिंती भराभर चढल्या. फाल्गुनांत, म्हणजे मार्च २०२२ मध्यें, स्लॅब पडला. सीमेंट वाळून घट्ट होतें असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तें पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें, आणि पाणी आधींच उडून गेलें तर कच्चें राहतें. साधें सीमेंट असेल तर निदान ७ दिवस आणि मिश्र असेल तर १० दिवस तें ओलें ठेवावें, असा भारतीय मानकांचा दंडक आहे. त्याच्या बळाचा हिशेब तर २८ दिवसांनीं करतात. दुसऱ्या दिवशीं स्लॅबवर आळीं करून पाणी भरलें. पण विहीर फाल्गुनांत खालीं जाते, आणि वादळांतून वांचलेल्या थोड्या पोफळी त्याच पाण्यावर होत्या. धाकट्या बंधूंनीं त्यांचें शिंपणें एक दिवसाआड केलें आणि पहांटे उठून आधीं स्लॅबवरचीं आळीं भरलीं. ते कांहीं बोलले नाहींत. पण संध्याकाळीं आगरांत जाऊन झांवळ्यांकडे पाहत उभे राहात, तें मीं पाहिलें आहे. त्यांतल्या दोन पोफळी गेल्या.

तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस जेथें पडतो, तेथें नुसत्या सपाट स्लॅबचा भरंवसा नको, म्हणून वर उतरतें छप्पर केलें आणि जुन्या घराचीं शाबूत राहिलेलीं मंगळुरी कौलें निवडून समोरच्या पाखीवर घातलीं. उरलेली पाखी नव्या कौलांची. दोहोंचा रंग जुळत नाहीं. पाहुणे विचारतात.

दि. ३ मे २०२२ रोजीं, अक्षय्यतृतीयेस, वास्तुशांत झाली. मातोश्रींचें पान नव्या स्वयंपाकघरांत, दाराच्या उजव्या हातास मांडलें, आणि तें तेथेंच मांडावयाचें असें त्यांनीं सांगून टाकलें. मधल्या सूनबाईंनीं त्या दिवशीं पुरण वाटलें. पाळीचा तक्ता त्यांनींच भिंतीवर लाविला आहे.

त्याआधीं गिलावा करतांना मिस्त्रीनें मला विचारलें होतें, “गुरुजी, हे बाहेर आलेले चिरे तासून टाकूं का?” मीं मधल्या बंधूंकडे पाहिलें. ते म्हणाले, “राहूं देत.” तेव्हांपासून ते तसेच आहेत. वरच्या दोहोंवर लोणच्याच्या बरण्या ठेवितात, आणि सर्वांत खालच्यावर, हाताशीं येईल अशी, मातोश्रींची औषधाची डबी असते.