सात रकाने, तीन सनावळ्या

अहो, लॉगिन केल्यावर संकेतस्थळ आपल्याला पानोपानी कशावरून ओळखतं, ते कधी उघडून बघितलंय का? मी बघितलं, आणि तेव्हापासून भेटेल त्याला तेच सांगत सुटलोय. बसस्टँडवर सांगितलं, केळीचे घड गाडीत भरणाऱ्या पुतण्याला सांगितलं. घरात तर मी कुकी, म्हणजे ब्राउझर जपून ठेवतो ती ओळखचिठ्ठी, म्हटलं की पोरं उठून जातात.

निमित्त साधंच होतं. एका संकेतस्थळाची वर्गणी भरलेली, जुने अंक उतरवून घ्यायची सभासदांना मुभा. पण अंक ढीगभर, आणि अर्धापुरात दिवसाच्या नेटवर एक अंक येईस्तोवर आपलं जेवण उरकतं. म्हटलं, रात्री डब्ल्यूगेट नावाच्या प्रोग्रामला कामाला लावू आणि आपण ताणून देऊ. पण लॉगिन मी ब्राउझरमध्ये केलेलं. डब्ल्यूगेटला तिथं कोण ओळखणार? त्याच्याजवळ माझी कुकी हवी. ब्राउझरच्या एक्स्टेन्शननं ती काढून दिली जेसन नावाच्या मांडणीत. आणि हा पठ्ठ्या मागतोय नेटस्केपचा नमुना!

नेटस्केप! १९९४ साली त्याच नावाच्या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुलीनं वेबवर कुकी आणली. तो ब्राउझर २००८ मध्ये कायमचा बंद पडला, त्याच वर्षी फायरफॉक्सनंही जुनी साधी फाइल सोडून एसक्यूलाइटचा डेटाबेस धरला. तरी डब्ल्यूगेट काय, तसलाच कर्ल काय, अजून तीच फाइल मागतात. आणि ती आहे कशी, तर नोटपॅडमध्ये उघडेल अशी! एका ओळीत एक कुकी, सात रकाने: डोमेन, उपडोमेनला चालेल की नाही, पाथ, फक्त सुरक्षित जोडणीवर की कसंही, मुदत, नाव आणि किंमत. रकान्यांच्या मधे टॅब. कॉपी-पेस्ट करताना टॅबच्या जागी स्पेस आली की खेळ खलास, आणि डोळ्यांना फरक दिसत नाही.

मग बसलो जेसनमधून सात रकाने भरायला. नावाखाली नाव, किंमतीखाली किंमत, यात काय अवघड? पण दुसऱ्या रकान्यात गंमत आहे. जेसन म्हणतं ‘होस्टओन्ली’, म्हणजे ही कुकी याच पत्त्याची, बाकी कुणाची नाही. नेटस्केप विचारतं बरोबर उलटं: उपडोमेनलाही चालते का? म्हणजे इथलं ट्रू तिकडं फॉल्स करायचं! दुसऱ्या संकेतस्थळावरून मागणी आली तर कुकी पाठवायची की नाही हे सांगणाऱ्या ‘सेमसाइट’ला तर सात रकान्यांत जागाच नाही, ते वाटेतच गळतं.

आणि मुदतीचा रकाना! इथं तर मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. नेटस्केपची फाइल १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजते. क्रोम आपल्या डेटाबेसमध्ये मोजतं १ जानेवारी १६०१ पासून, तेही मायक्रोसेकंदात. सोळाशे एक! शिवरायांच्या जन्माच्या २९ वर्षं आधीपासून! ॲपलच्या सफारीचा शून्य आहे २००१ मध्ये. म्हणजे १ जानेवारी २०२६ ची आपल्याकडची पहाटेची साडेपाचची वेळ नेटस्केपमध्ये १७६७२२५६००, सफारीत ७८८९१८४००, आणि क्रोममध्ये १३४११६९९२००००००००. क्षण तोच! क्रोमच्या आकड्याला दहा लाखांनी भागा, त्यातून ११६४४४७३६०० वजा करा, आलात १९७० च्या हिशोबात. कागदावर करून बघितलं, जुळलं. पुन्हा केलं, नुसत्या आनंदासाठी.

खरं तर मराठवाड्यातल्या माणसाला यात नवल वाटायला नको. निजामाच्या अमदानीतले जमिनीचे कागद काढा, साल फसली या महसुली सनात. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा. ५९० मिळवा, १९०७ आलं. वकिलाच्या कारकुनाला जे तोंडपाठ, तेच मी क्रोमसाठी करत होतो.

ब्राउझर बंद केला की संपणाऱ्या कुकीला मुदतच नसते. तिथं बरेच प्रोग्राम शून्य लिहितात. पण पायथन भाषेतलं कुकी वाचणारं मोझिलाकुकीजार तो शून्य वाचतं १ जानेवारी १९७०, म्हणजे केव्हाच मेलेली कुकी! त्याला रकाना रिकामा हवा. शिवाय पहिल्या ओळीत ‘एचटीटीपी कुकी फाइल’ असं इंग्रजीत शीर्षक नसेल तर गडी फाइलला हातच लावत नाही.

सगळ्यात भारी प्रकार मात्र हॅशचा. पानावरच्या जावास्क्रिप्टला दिसू नये अशा कुकीला ‘एचटीटीपीओन्ली’ म्हणतात. कर्ल अशा ओळीच्या सुरुवातीला हॅश लावून तो शब्द लिहितं. आता हॅश म्हणजे टीप, वगळायची, असं समजणारे प्रोग्राम कमी नाहीत, पायथनसुद्धा ३.१० आवृत्ती येईपर्यंत त्यातलंच. आणि लॉगिनची कुकी बहुतेक वेळा याच जातीची! बाकी सगळ्या कुकी व्यवस्थित पोचतात, नेमकी कामाची तेवढी गायब, आणि माणूस बसतो पासवर्ड तपासत.

हे सगळं फुकटात बदलून देणारी संकेतस्थळं आहेत, फाइल टाका आणि नवी घ्या. मी तिकडं फिरकलो नाही, तुम्हीही फिरकू नका. त्या फाइलमध्ये पासवर्ड नसतो, पण ती ज्याच्या हाती लागेल तो बहुतेक ठिकाणी पासवर्ड न विचारता तुमच्या खात्यात शिरतो. ओटीपीसुद्धा आड येत नाही, कारण तो टप्पा तुम्ही आधीच पार केलेला. विंडोजवर क्रोम कुकीची किंमत कुलपात ठेवतं, फाइल उचलून दुसऱ्या संगणकावर नेली तर हाती काही लागत नाही, ते याचसाठी. फायरफॉक्समध्ये ती उघडी वाचता येते. म्हणून पायथनचा छोटासा प्रोग्राम घरीच लिहिला, आणि काम झाल्यावर फाइल पुसून संकेतस्थळावरून लॉगआउट केलं. नुसती फाइल पुसून भागत नाही बरं का, सर्व्हरच्या लेखी ती कुकी जिवंतच असते.

अंक उतरले, सगळे. वाचायला घेतलेत का विचाराल तर नाही. पुण्याच्या मावसभावाकडं मॅक आहे, त्याच्या मागं लागलोय. सफारीची कुकी फाइल बायनरी, तिचे पहिले चार बाइट म्हणजे ‘कुक’ शब्दाची इंग्रजी अक्षरं, आणि म्हणे फाइलच्या माथ्यावरचे आकडे मोठ्या बाइटकडून वाचायचे, तर आतल्या पानांवरचे छोट्याकडून. एकाच फाइलीत दोन्ही! दिवाळीला येताना लॅपटॉप आण म्हणून सांगितलंय त्याला.