बांधून ठेवलेले शब्द

माणूस गेला की तो एकाएकी निर्दोष होतो. काल-परवापर्यंत ज्याच्या हट्टाने घरादाराला वैताग आणला होता, तो वर्तमानपत्राच्या चौकटीत ‘प्रेमळ पती, आदर्श पिता, मनमिळाऊ शेजारी’ होऊन बसतो. शेजारच्या चौकटीतला गृहस्थही तसाच. फोटो झाकून मजकूर वाचला तर कोण कोणाचा पती आणि कोण कोणाचा पिता, हे सांगणे कठीण! हल्ली हा मजकूर फोनवरून फिरतो, पण शब्द मात्र तेच आहेत.

या शब्दांशी माझे घरगुती नाते आहे. माझे वडील – आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू – सांगलीच्या एका लहानशा छापखान्यात कंपोझिटर होते. १९६२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते खिळ्यांच्या केसपुढे उभे राहिले. आणि १९९४ साली छापखान्याने खिळ्यांचे काम बंद केले तोवर, म्हणजे ३२ वर्षे, उभेच होते. माझ्या विद्यार्थ्यांना हे काम आता समजावून सांगावे लागते. लाकडी केसमध्ये खण, खणात शिशाचे खिळे, प्रत्येक खिळ्यावर एक उलटे अक्षर. डाव्या हातात स्टिक धरायची, उजव्या हाताने एकेक खिळा उचलून तीत ओळ जुळवायची. इंग्रजीची मूळ अक्षरे २६. आमच्या देवनागरीला काना, मात्रा, जोडाक्षरे धरून शेकडो खण. छापून झाले की मजकूर मोडायचा आणि खिळा न् खिळा आपापल्या खणात परत टाकायचा. सकाळी लग्नपत्रिकेत ‘शुभ’ म्हणणारा ‘श’ दुपारी शोकसभेच्या पत्रकात जाऊन बसे. त्याला त्याचे काही वाटत नसे.

अण्णा कामाला लागले त्याच साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. “मी आलो आणि टिंबाचा खण हलका झाला,” असे ते मोठ्या ऐटीत सांगत. पण जुन्या वळणाचे एखादे गिऱ्हाईक ‘घरांत’वरचे टिंब मागायला आले, की ते मुकाट्याने टिंब घालून देत. त्यांचे म्हणणे, माणसाला सवयीचे अक्षर दिसले नाही तर घरातले एखादे भांडे हलवल्यासारखे वाटते.

काही ओळी मात्र कधीच मोडल्या जात नसत. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’, ‘प्रेमळ पती’, ‘आदर्श पिता’ हा मजकूर दोऱ्याने बांधून फळीवर ठेवलेला असे. नाव आणि तिथी तेवढी बदलायची. बारा वर्षांची असताना मी अण्णांना एकदा विचारले, “सगळेच कसे हो प्रेमळ?”

ते म्हणाले, “अगं, दारात येतो तो माणूस रडवेला असतो. त्याला शब्द सुचत नसतात. आलेल्याला आधी पाणी देतो ना आपण? तसं हे.”

हे उत्तर मला आजही पटते. तयार शब्द खोटे असतात असे नव्हे. दुःखात बोलता न येणाऱ्या माणसाला त्यांचा आधार होतो. आम्ही साहित्य शिकवणारी मंडळी ठरीव शब्दांना फार नाके मुरडतो. पण घरात प्रेत असताना कोणाला नवी उपमा सुचणार?

२०२२ साली अण्णा गेले. दिवसकार्याचा मजकूर करायला दादा बसला आणि त्याने तोच मजकूर फोनवर लिहून आईला वाचून दाखवला. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ते दोऱ्यानं बांधलेलं आहे. गावातल्या सगळ्यांच्या नवऱ्यांना वापरून झालेलं. ह्यांनी बत्तीस वर्षं लोकांसाठी जुळवलं, मग ह्यांच्यासाठी नवं जुळवणारं कुणी नाही का घरात?”

बोलली ती दादाशी, पण पाहिले माझ्याकडे. मराठीची एम. ए. झालेली घरात मीच.

वर्गात मी ‘स्मृतिचित्रे’ शिकवते. १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या नवऱ्याला कोठेही शेंदूर फासलेला नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले, तेव्हा कवी म्हणून त्यांचे मोठे नाव झाले होते. पण लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात भेटतात ते रागीट, विसराळू, हाताचे सैल टिळक. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंना काही वर्षे त्यांच्यापासून दूर काढावी लागली. तक्रारीला जागा पुष्कळ होती आणि ती त्यांनी केलीही. पण अशी, की वाचणाऱ्याला त्या माणसाचा लळाच लागावा. रमाबाई रानडे यांच्या १९१०च्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’चा सूर याहून निराळा, आदराचा. पण या दोघींमध्ये एक साम्य आहे. दोघींनाही लिहिण्यावाचण्याच्या वाटेला त्यांच्या नवऱ्यांनीच लावले. त्याच अक्षरांनी पुढे त्यांनी आपले नवरे आपल्यापुढे उभे केले.

मी वही घेतली आणि आईला म्हटले, “तू सांग. मी लिहिते.”

ती सांगू लागली. “रागावले की तीन-तीन दिवस बोलायचे नाहीत. दुसऱ्यांच्या लग्नात पत्रिकेतली चूक दाखवून दोनदा अपमान करून घेतला. पगाराला जिलबी आणायचे आणि आपल्याला गोड आवडत नाही म्हणायचे. आवडायचं, मला ठाऊक होतं. दिवाळीआधी महिनाभर रात्रपाळी. फराळाचं सगळं मी एकटीनं केलं आहे, तेही लिही.” थोडे थांबून म्हणाली, “मी आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. मालकांना विचारून ह्यांनी झिजलेले मूठभर खिळे घरी आणले. शाईच्या गादीवर दाबून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उमटवायचे आणि मला वाचायला लावायचे. वेलांटी चुकली की कपाळाला हात लावायचे. पण सोडलं नाही.”

हे मला नवीनच होते. आई रोज सकाळी वर्तमानपत्र वाचते, हे मी जन्मापासून पाहत आले होते. त्यामागे कोणाचे कष्ट असतील असे कधी मनातही आले नव्हते.

दादा म्हणाला, “अगं आई, हे सगळं छापायचं कसं?”

“सगळं कोण म्हणतंय? ती शेवटची एक ओळ घाल.”

आणि पत्रिका तशीच निघाली. वर अण्णांचे नाव, खाली तिथी आणि मधे आईच्या नावाने एकच ओळ: ‘ह्यांनी मला वाचायला शिकवले.’ एक-दोन नातेवाइकांना ती चमत्कारिक वाटली. नवऱ्याचा एवढा मोठा संसार आणि त्यात हे काय लिहिले, असेही कोणी पुटपुटले. पण छापखान्यात ट्रेडल मशीन चालवणारे अण्णांचे जुने सोबती भेटायला आले, ते पत्रिका हातात धरून कितीतरी वेळ बसले होते. मग आईला म्हणाले, “वहिनी, हे बांधून ठेवता येणार नाही. दुसऱ्या कुणाला चालायचंच नाही.”

मला वाटते, आठवण ठेवणे म्हणजे इतकेच असावे. जगाला सांगायला बांधलेले शब्द आहेत आणि ते असू द्यावेत. पण घरातल्या माणसांनी तरी तो दोरा सोडून एकेक अक्षर पुन्हा हाताने उचलावे. निर्दोष माणसाची आठवण फार दिवस टिकत नाही. तिला धरायला कोपराच नसतो. जिलबी आवडत नाही म्हणून खोटे बोलणारा माणूस मात्र मिठाईच्या प्रत्येक दुकानापाशी भेटतो.

ती वही आता आईपाशी असते. अधूनमधून ती स्वतःच्या हाताने तीत काही लिहिते. परवा मी चाळून पाहिली. तक्रारीच जास्त आहेत! वेलांट्या मात्र सगळ्या बरोबर आहेत.