हरवलेल्या नावाची गोष्ट
(द्वितीय वर्ष, कला)

माणसाला जन्मानंतर मिळणारी पहिली मालमत्ता कोणती? घर नव्हे, जमीन नव्हे, अंगावरचे आंगडे-टोपडेही नव्हे. कारण आमच्यासारख्यांच्या घरी तेही आधी कुणीतरी वापरलेलेच असते. पहिली मालमत्ता म्हणजे नाव. गरिबाला आणि श्रीमंताला ते सारखेच फुकट मिळते. बारशाच्या दिवशी आत्या कानात ‘कुर्र’ करते आणि ते नाव कायमचे आपले झाले, असे आपण धरून चालतो. पण ते खरोखरच कायमचे आपले असते काय? हा प्रश्न माझ्या मनात उभा केला तो एका जपानी चित्रपटाने. आणि तोही चक्क कार्टूनच्या चित्रपटाने!

महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने तो दाखवला. ‘कार्टून बघायला कॉलेजात कशाला यायचे?’ असे म्हणून निम्मी मुले उठून गेली. माझी एस. टी. साडेपाचला होती, म्हणून मी बसले. संवाद जपानी, खाली इंग्रजी अक्षरे. माझे इंग्रजी ती अक्षरे वाचून होईपर्यंत चित्र पुढे सरकलेले असे. मग मी वाचणे सोडले आणि नुसती पाहत राहिले. पुढे एका मैत्रिणीच्या मोबाईलवर थांबवून थांबवून पुन्हा पाहिला, तेव्हा सगळी कथा हाती लागली.

चित्रपटाचे मूळ नाव ‘सेन तो चिहिरो नो कामिकाकुशी’. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी, निर्मिती तोक्योच्या ‘स्टुडिओ घिब्ली’ची, प्रदर्शन २० जुलै २००१. माणूस एकाएकी नाहीसा झाला की त्याला देवांनी लपवून ठेवले, असे जुने जपानी लोक म्हणत. त्याला ‘कामिकाकुशी’ हा शब्द. आपल्या खेड्यांतून ‘चकवा लागला’ म्हणतात, त्याच जातीची ही समजूत. तेव्हा नावाचा अर्थ साधारण असा, की सेन आणि चिहिरो या दोघींना देवांनी नेले. गंमत अशी की या दोघी म्हणजे एकच मुलगी आहे! इंग्रजीत जाताना मात्र चित्रपटाचे नाव ‘स्पिरिटेड अवे’ एवढेच उरले. नाव हरवण्याची ही गोष्ट, आणि परदेशी जाताना तिच्या मथळ्यातून नायिकेची दोन्ही नावे हरवावीत!

कथा थोडक्यात सांगते. दहा वर्षांची चिहिरो आईवडिलांबरोबर नव्या गावी राहायला निघाली आहे. वाटेत एक बोगदा लागतो. पलीकडे ओस पडलेला बाजार, पण खाद्यपदार्थांनी भरलेल्या दुकानांत माणूस नाही. आईवडील विचारपूस न करता खायला बसतात आणि त्यांची डुकरे होतात. कारण ते अन्न देवांसाठी मांडलेले असते. आपल्याकडे तेहतीस कोटी देव, तसे जपान्यांकडे ऐंशी लक्ष. ते दमूनभागून रात्री ‘आबुराया’ नावाच्या भल्यामोठ्या स्नानगृहात अंघोळीला येतात. तिथली मालकीण युबाबा ही चेटकीण. जो काम करणार नाही त्याचे जनावर होईल, हा तिथला कायदा. परंतु काम मागेल त्याला काम दिलेच पाहिजे, या शपथेने युबाबाही बांधलेली आहे. चिहिरो काम मागते. युबाबा करारावर तिची सही घेते, कागदावर हात फिरवते, आणि चिहिरोच्या नावातली अक्षरे कागदावरून उठून चेटकिणीच्या मुठीत जातात. उरते एकच अक्षर. त्याचा दुसरा उच्चार ‘सेन’. आजपासून तू सेन!

इथे जपानी लिपीतली एक खुबी आहे. ‘चिहिरो’ दोन चित्राक्षरांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ हजार. दुसरे, ‘हिरो’, हे लांबीचे माप. दोन्ही हात पसरले की जेवढे अंतर भरते तेवढे. आपल्याकडे विहिरीचा दोर ज्या मापाने मोजतात तोच हा ‘वाव’! म्हणजे चिहिरो या नावाचा अर्थ हजार वाव, अथांग खोल. त्यातला वाव चेटकिणीने काढून घेतला आणि मागे ठेवला तो नुसता हजार. मुलीचे नाव गेले आणि आकडा राहिला!

हे दृश्य पाहताना मला आमचे अण्णा आठवले. अण्णा धान्यबाजारात हमाल आहेत. तिथे त्यांना बिल्ल्याच्या नंबराने ओळखतात. आई एका खानावळीत भाकऱ्या करते. तिथे ती ‘भाकरीवाली मावशी’. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. आणि वर्गात पहिल्याच दिवशी मलाही एक आकडा मिळाला. हजेरीला आकड्याला ओ द्यायची. त्यात कुणाचा दुष्टावा नाही, मुलेच इतकी असतात. पण सहामाहीनंतर एका प्राध्यापकांनी माझी वही परत देताना मला नावाने हाक मारली, तेव्हा मी क्षणभर मागे वळून पाहिले होते.

कुणाला वाटेल, हा चित्रपट कामाविरुद्ध बोलतो. मला तसे वाटत नाही. रडवी, आईच्या दंडाला धरून चालणारी चिहिरो तिथे फरशी पुसते, हौद घासते आणि हळूहळू ताठ उभी राहते. एका रात्री चिखलाचा एक दुर्गंधी गोळा अंघोळीला येतो. सगळे नाक धरून पळतात. सेन त्याच्या अंगात रुतलेला दांडा पकडते. दोर बांधून ओढल्यावर बाहेर येते ती सायकल, आणि तिच्यामागून माणसांनी टाकलेला डोंगरभर कचरा! तो गोळा म्हणजे एक थोर नदीदेवता असते. मियाझाकींनी स्वतः एका नदीच्या सफाईत भाग घेतला होता आणि तिथे गाळातून सायकल ओढून काढली होती. त्या अनुभवातून हा प्रसंग आला. आपल्याकडच्या कुठल्याही गावाच्या नदीकाठी उभे राहिलेल्याला तो परका वाटणार नाही.

या मियाझाकींविषयी थोडे सांगायला हवे. जन्म १९४१, तोक्यो. १९६३ साली ते ‘तोएई’ या चित्रसंस्थेत उमेदवारीला लागले. १९८५ साली इसाओ ताकाहाता आणि तोशिओ सुझुकी यांच्या साथीने ‘घिब्ली’ उभी राहिली. प्रस्तुत चित्रपट त्यांनी एका मित्राच्या दहा वर्षांच्या मुलीला डोळ्यांसमोर ठेवून केला. मोठी झालेली राजकन्या नव्हे, पराक्रमी वीर नव्हे. साधी, थोडी आळशी, थोडी भित्री मुलगी. संगणकाची मदत घेतलेली असली तरी पात्रे हातांनी रेखाटलेली. जखमी ड्रॅगनच्या तोंडात चिहिरो औषध कोंबते, असे एक दृश्य आहे. कुत्र्याला औषध पाजताना जसे करतात तसे काढा, असे मियाझाकींनी सांगितले. पण तरुण चित्रकारांपैकी कुणी कुत्राच पाळलेला नव्हता! शेवटी मंडळी जनावरांच्या दवाखान्यात गेली आणि पाहून आली. काल्पनिक ड्रॅगन काढायचा, तरी खऱ्या कुत्र्याचा जबडा पाहिल्यावाचून नाही. या सचोटीमुळेच त्यातले चेटूकही खोटे वाटत नाही. रंगसंगतीची जबाबदारी मिचियो यासुदा या बाईंकडे होती. १९५८ पासून त्या याच कामात होत्या. २०१६ मध्ये निवर्तल्या. पडद्यावरचे रंग सर्वांना आठवतात, त्यामागचे नाव कुणाला आठवते?

कार्टूनमधल्या माणसांना देह चित्रकार देतो, पण प्राण आवाज देतो. चिहिरोचा आवाज रुमी हिइरागी या मुलीचा. १९८७ चा जन्म. म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या वेळी ती तेरा-चौदा वर्षांची. तिच्या आवाजात गोडवा घोळलेला नाही. तो कुरकुरतो, दबतो, एकदम फुटतो. हाकू या मुलाला आवाज देणारा मियू इरिनो तिच्याच वयाचा. तळघरात भट्टी पेटती ठेवणाऱ्या सहा हातांच्या म्हाताऱ्याचे नाव कामाजी. त्यात आपला ‘काम’ शब्द ऐकू येतो तो योगायोग; जपानीत त्याचा अर्थ भट्टीवाले आजोबा. त्याला आवाज दिला बुंता सुगावारा यांनी. गुंडांच्या चित्रपटांत गाजलेला हा नट २०१४ मध्ये वारला. त्या खरखरीत आवाजातून माया कशी झिरपते, ते ऐकण्यासारखे आहे.

पण मला सर्वांत विलक्षण वाटली ती मारी नात्सुकी. नाव चोरणाऱ्या युबाबाला तिचा आवाज आहे. आणि युबाबाची जुळी बहीण झेनिबा, जी चिहिरोला ‘तुझे नाव चांगले आहे, जप ते’ असे बजावते, तिलाही तिचाच! हिरावून घेणारी आणि सांभाळायला सांगणारी, दोघींचा गळा एकच. चेहरेही एकसारखे. घरातली, समाजातली किती माणसे अशी असतात! एकाच तोंडाने ती आपल्याला वाढवतात आणि पुसूनही टाकतात.

हे मी घरच्या अनुभवावरून म्हणते. गेल्या वैशाखात माझ्या ताईचे लग्न झाले. ताटात तांदूळ पसरून भाऊजींनी अंगठीने तिचे नवे नाव लिहिले. सगळ्यांनी पेढे खाल्ले, मीही खाल्ले. ताईला नवे नाव आवडले. पण सासरी जाताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “तू मात्र मला जुन्याच नावानं हाक मार हं.” ती हसत म्हणाली, मला मात्र हसू आले नाही. चित्रपटात हाकू चिहिरोला तिचे जुने कपडे आणून देतो, त्यांत निरोपाच्या फुलांबरोबर आलेली चिठ्ठी असते. तिच्यावरचे ‘चिहिरो’ वाचून तिला धक्का बसतो. आपण आपले नाव विसरू लागलो होतो! हाकू स्वतः नाव विसरला आहे म्हणून परत जाऊ शकत नाही. तो एका नदीचा देव. ती नदी बुजवून वर इमारती उठल्या आहेत. चिहिरो लहानपणी त्या नदीत पडली होती. तिला ते आठवते, ती ‘कोहाकू’ हे नदीचे नाव उच्चारते आणि तो मोकळा होतो. म्हणजे आपले नाव आपल्याला आठवले नाही, तरी दुसऱ्या कुणाला तरी ते आठवत असले पाहिजे. ताईने तेवढेच मागितले होते.

नाव बदलणे हेच पाप, असे मात्र मी म्हणणार नाही. सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुशी’ हे नाव टाकून २८५ मुलींनी नवी नावे घेतली. या चित्रपटाचे संगीतकार जो हिसाइशी यांचे मूळ नाव मामोरू फुजिसावा; क्विन्सी जोन्स या अमेरिकन संगीतकाराच्या नावावरून त्यांनी आपले नाव बेतले. ही बदललेली नावे पायातल्या बेड्या नाहीत. तेव्हा प्रश्न नाव बदलण्याचा नाही. ते कुणी बदलले आणि कुणाला विचारून बदलले, याचा आहे.

आमच्या आईला कुणी विचारले नव्हते. बँकेत तिचे खाते काढताना शाळेचा दाखला एका नावाचा आणि आधार कार्ड दुसऱ्या नावाचे निघाले. या दोन्ही बाया एकच आहेत, असे प्रतिज्ञापत्र करावे लागले. सेन आणि चिहिरो! तिला त्या नावाने हाक मारणारी एकच व्यक्ती होती, माझी आजोळची आजी. ती दोन वर्षांपूर्वी गेली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावावे लागते. निर्णय चांगला आहे. पण आईचे कोणते नाव?

या चित्रपटाला २००२ साली बर्लिनचे सुवर्ण अस्वल मिळाले, २००३ साली ऑस्कर मिळाले. तीस अब्ज येनहून अधिक गल्ल्याचा त्याचा जपानमधला उच्चांक २०२० पर्यंत कुणाला मोडता आला नाही. हे सारे मी आईला सांगितले, तेव्हा तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतले. मग गोष्ट सांगितली. ती मात्र तिने हात थांबवून ऐकली. शेवटी विचारले, “मग त्या पोरीला नाव परत घावलं का?” मी म्हटले, घावलं. ती म्हणाली, “झ्याक झालं.”

आमच्या घरातल्या कुणाचे नाव रेशनकार्डाखेरीज कुठे छापून आलेले नाही. म्हणून मी तिला विचारले, तुझे माहेरचे नाव वार्षिकात छापू का? “छाप की,” ती म्हणाली, “पर वाचनार कोन?”

मी म्हटले, आमचे सर वाचतील, बाई वाचतील, वर्गातली मुले वाचतील. माझ्या आईचे नाव छबू.