कोलाडचा मुक्काम

गेल्या श्रावणांत आप्तांच्या आग्रहावरून आमचा चार दिवस कोलाडास मुक्काम झाला. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्यास कोलाड म्हणजे रोह्याचा फांटा आणि घटकाभर चहा. कोंकण रेल्वेच्या उतारूस तें रोह्यापुढचें पहिलें स्थानक. कुंडलिकेकडे वळतात ते रबरी होड्यांतून उड्या घेणारे तरुण; भिऱ्याच्या वीजघरांतून पाणी सुटलें कीं त्यांचा कल्लोळ सुरू होतो. हीच नदी पुढें रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडींत उतरते व कोर्लईच्या किल्ल्यापाशीं समुद्रास मिळते. तिच्या कांठच्या घरांत आम्हांस आरमारी जहाजांच्या रोजनिशा ऐकावयास मिळतील, असें मात्र वाटलें नव्हतें.

रात्रीं पाऊस कोसळूं लागला तेव्हां यजमानांचा पुतण्या आपल्या जुन्या वह्या घेऊन बसला. २०१० सालीं इंग्लंडांत 'ओल्ड वेदर', म्हणजे 'जुनें हवामान', नांवाचा उपक्रम निघाला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळांतील ब्रिटिश आरमाराच्या सुमारें २८० जहाजांच्या रोजनिशांचीं छायाचित्रें संगणकावर ठेविलीं होतीं. देशोदेशींच्या हौशी लोकांनीं तीं वाचून उतरून द्यावीं, अशी योजना. हा मुलगा तेव्हां महाविद्यालयांत होता. रोज दोन पानें उतरीत असे.

त्यांत वीरकथा फार थोड्या. वारा कोणत्या दिशेचा, त्याचा जोर शून्यापासून बारांपर्यंत किती, वायुभार किती, उष्णता किती. आकाश निरभ्र असल्यास 'बी', ढगांनीं झांकलेलें असल्यास 'ओ'. शिवाय आजारी खलाशांची संख्या. एकच पान निरनिराळे वाचक उतरीत व मग तीं उताऱ्यांचीं पानें ताडून पाहत. एखाद्या जहाजाचीं सर्वांत अधिक पानें ज्यानें उतरलीं तो त्या जहाजाचा कप्तान! आमचे चिरंजीव लेफ्टनंटाच्या वर चढले नाहींत, हें त्यांनींच प्रांजळपणें सांगितलें.

हा निव्वळ खेळ नव्हे. भर समुद्रांत वेधशाळा नसतात. शंभर वर्षांपूर्वींच्या हवेचें गणित मांडणारास या रकान्यांवांचून गति नाहीं. आमचा पाऊस समुद्रावरूनच येतो. तेव्हां अरबी समुद्रांतून जातां जातां कोणा अधिकाऱ्यानें टिपलेला वारा कोंकणाच्याहि कामाचा. नियम एकच: लिहिलें आहे तेंच उतरावयाचें, पदरचें घालावयाचें नाहीं.

आजी वाती वळीत ऐकत होत्या. "परक्यांच्या गलबतांचीं टिपणें उतरलींस रे," त्या म्हणाल्या, "माळ्यावरच्या रुमालांची पाळी केव्हां?"

सारे गप्प झाले. इतिहासाचार्य राजवाडे असल्या दप्तरांसाठीं गांवोगांव हिंडले. हें तर घरचेंच दप्तर, मोडींतलें. तें वाचणारे घरांतले शेवटचे गृहस्थ यजमानांचे वडील, ते जाऊन बारा वर्षें झालीं होतीं.

सकाळीं रुमाल खालीं आला. एका कडेस वाळवी लागली होती. वडिलांच्या धाकानें शिकलेली मोडी आम्हांस थोडीफार आठवते. पहिला कागद भाताच्या मापांचा निघाला. आम्ही अडखळत वाचीत गेलों, मुलगा लिहीत गेला. एके जागीं कुळाचें नांव वाळवीनें अर्धें खाल्लें होतें. आम्हीं अंदाजानें तें पुरें केलें.

"काका, तें कागदावर आहे का?"

नव्हतें. त्यानें तेथें टिंबें दिलीं. दुपारच्या पानावर बसेपर्यंत दीड कागद झाला. रुमालांत दोनशें तरी असावेत. पुढच्या श्रावणांत पुन्हां येण्याचें आम्हीं तेथेंच कबूल केलें.