पारख संपते तिथून

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत मागे पडलं की वरवंड येतं. तुकोबांच्या पालखीचा इथे मुक्काम असतो, आणि वारीच्या वाटेवर माल खपवणारेही हटकून पोचतात. कुणी चहा वाटतो, कुणी दुखऱ्या पायांना तेल चोळून देतो. खेड्यापाड्यांत मालाचा प्रचार करणं हे माझं काम आहे. चांगला चहा असो, वळू घोडा असो की घरगुती औषध, एकाच भोंग्यातून आणि एकाच आवाजात सगळं विकता येतं, असं या धंद्यात सर्रास मानलं जातं. मला ते मान्य नाही. ज्या मालाची पारख गिऱ्हाईक स्वतः करू शकतं, त्याची जाहिरात खुशाल दणक्यात करावी. जिथे त्याची पारख पोचत नाही, तिथे सांगणाऱ्याने आपला आवाज तेवढा खाली आणावा.

चहाची पारख घोटाघोटाला होते. 1903 च्या चहा उपकर कायद्यातून आलेल्या पैशावर चहाचा प्रसार झाला, तेव्हापासून लोकांना चहा पाजून दाखवणं हेच त्याच्या जाहिरातीचं सर्वांत भरवशाचं साधन राहिलं आहे. पण पाजणंही प्रामाणिक हवं. या भागात चहा खळखळून उकळतात आणि दूध सढळ हाताने घालतात. पाणी बरेचदा विहिरीचं नाहीतर बोअरचं, क्षारांचं. अशा जड पाण्यात चहाचा रंग काळपट होतो, चव बोथट होते. म्हणून प्रात्यक्षिकाला बाटलीबंद पाणी नेणं ही फसवणूकच होय. त्याच गावचं पाणी, त्याच गोठ्यातलं दूध आणि त्याच घरचं पातेलं घेऊन चहा उतरला, तरच तो खरा. भेसळही उघड करून दाखवता येते. ओल्या पांढऱ्या टिपकागदावर पावडर भुरभुरली आणि तिला वरून रंग लावलेला असला, तर डाग लगेच पसरतात. लोखंडाचा कीस असला तर लोहचुंबकाला चिकटतो. एवढं करून गिऱ्हाईक फसलंच, तर एका पुड्यापुरतं फसतं. पुढच्या वेळी ते दुसरा पुडा मागतं आणि हिशेब तिथेच मिटतो.

घोड्याची पारख अवघड, पण इथल्या मातीत ती मुरलेली आहे. भीमथडी म्हणजे भीमेच्या काठचा मुलूख. त्याच मुलखाचं नाव मिरवणारी भीमथडी घोड्याची जात मेंढपाळ धनगरांनी बिऱ्हाड वाहण्यासाठी पिढ्यान् पिढ्या सांभाळली, आणि अलीकडे तिला स्वतंत्र देशी जात म्हणून राष्ट्रीय मान्यताही मिळाली. शिरूर-खेडकडच्या घाटांत बैलगाड्यापुढे घोडी पळते. बैलगाडा शर्यतींवरची 2014 ची बंदी डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर उठवली आणि ते घाट पुन्हा जागे झाले. अकलूज किंवा सारंगखेड्याच्या बाजारात गिऱ्हाईक जबडा उघडून दातांवरून वय ठरवतं, खूर उचलून बघतं, जनावर पळवून चाल बघतं. पण वळू घोड्याची जाहिरात करताना आपण खरं तर न जन्मलेलं शिंगरू विकत असतो. घोडी भरल्यापासून विण्यापर्यंत सुमारे 11 महिने जातात आणि शिंगरू सवारीला यायला आणखी तीनेक वर्षं. एवढ्या काळात पैसे घेणारा कुठल्या कुठे गेलेला असतो. म्हणून इथे पत्रकावर विशेषणं कमी आणि पुरावा जास्त हवा: घोड्याचे आईबाप कोण, त्याची आधीची शिंगरं कुठे बघायला मिळतील, ग्लँडर्स रोगाची तपासणी कोणत्या तारखेला झाली. अंगावर देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा, आहे हे सांगायला हरकत नाही. त्यामुळे घरात बरकत येईल, हे मात्र छापू नये.

घरगुती औषधाशी आलं की पारख संपते. बहुतेक सर्दी-खोकले आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांना विश्रांतीनेच सोडते. बिनविषारी साप चावलेला माणूस वाचणारच असतो. या प्रत्येक वेळी जे दिलं गेलं त्याला यश मिळतं, आणि बऱ्या झालेल्या माणसाची साक्ष मनापासूनची असते. ती खोटी नसते, पण पुरावाही नसते. गजकर्णावरचं मलम लागू पडलं की नाही हे निदान कातडीवर दिसतं. पोटात घ्यायच्या औषधाचं तेवढंही दिसत नाही. त्यात आणखी एक धोका आहे. गावात विश्वास नावावर बसतो. ‘सपट’ हे नाव महाराष्ट्राने लोशनच्या बाटलीवरही वाचलं आणि चहाच्या पुड्यावरही. यात वावगं काही नाही. पण चहाने कमावलेली पत औषधाच्या कामी येते, हे जाहिरातदाराने विसरू नये. ज्याचा चहा चांगला त्याचा काढाही गुणकारी, असं गिऱ्हाईक मनात धरतं, आणि ते धरायला आपणच लावलेलं असतं.

यावर मला सांगतात की गावचा माणूस खुळा नाही, त्याचं त्याला ठरवू द्या. तो खुळा नाहीच. घोड्याच्या बाबतीत तो मला शिकवील. पण औषधाचा गुण एकट्याच्या अनुभवावरून डॉक्टरलाही ठरवता येत नाही, म्हणून तर शेकडो रुग्णांवर चाचण्या घ्याव्या लागतात. दुसरा आक्षेप आजीबाईच्या बटव्याच्या अवमानाचा. सुंठ, तुळस, ओवा यांनी घशाला आणि पोटाला आराम पडतो, एवढं सांगायला मला आनंदच आहे. पण आजी नातवाच्या उशाशी बसून असायची आणि ताप चढला की दवाखान्याची वाट धरायची. बाटली तसं करत नाही. म्हणून ‘तीन दिवसांत उतार नाही तर डॉक्टरांकडे जा’ आणि ‘एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका’ ही वाक्यं दाव्याइतक्याच ठळक अक्षरांत हवीत. तिसरा आक्षेप धंद्याचा: आपण हळू बोललो तर शेजारचा ओरडून माल विकेल. विकेलही. मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे करण्याच्या जाहिराती 1954 च्या कायद्याने बंद आहेत, तरी भिंतींवर त्या अधूनमधून दिसतातच. पण खेड्यात माल खपतो तो दुकानदाराच्या शब्दावर आणि उधारीच्या वहीवर. त्या दुकानदाराला गिऱ्हाईक रोज तोंडावर भेटतं, त्याला पळून जाता येत नाही. त्याचा शब्द खोटा पाडणाऱ्या मालाला तो फळीवर फार दिवस ठेवत नाही.

या धंद्यातल्या माझ्या सोबत्यांना आणि गावोगावच्या दुकानदारांना एवढंच सांगणं आहे. मजकूर छापायच्या आधी स्वतःला विचारा: हा दावा खोटा निघाला, तर गिऱ्हाइकाला ते कधी कळेल? चहाचं उत्तर आज संध्याकाळी, घोड्याचं चार वर्षांनी. आणि ‘कधीच कळणार नाही’ असं उत्तर आलं, तर तो दावा छापू नका.