तिसरी चावी

आमच्या ट्रकला तीन चाव्या. एक ड्रायव्हरच्या खिशात, दुसरी सोलापुरात घरच्या कपाटात आणि तिसरी गाडीच्याच अंगावर, बाहेरून लपवलेली. तिची जागा मोजक्या माणसांना ठाऊक आहे आणि ती मी इथं लिहिणार नाही. लिहायचं आहे ते ही चावी कुणामुळे घडली, कुणी जपली आणि तिच्यापायी मी कुणाकुणाची देणेकरी झाले याबद्दल. उमरग्याचे एक मामा, हैदराबादचे एक चाचा आणि तिथलेच एक अण्णा, अशी ती तीन माणसं.

वडील अचानक गेले तेव्हा घरात एक ट्रक, त्याचे हप्ते आणि मी, एवढंच मागं उरलं. गाडी विकून टाक, असं सगळे म्हणत होते. वडिलांबरोबर वर्षानुवर्षं गाडी चालवलेले ड्रायव्हरमामा तेवढे म्हणाले, ''ताई, तुम्ही हिशेब बघा. रस्ता माझ्याकडं लागला.'' तेवढ्यावर मी धंद्यात उतरले. सोलापूरच्या बाजार समितीतून कांदा भरायचा, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद, संगारेड्डी करत सुमारे 300 किलोमीटरवर हैदराबादच्या मलकपेटला, महबूब मॅन्शनच्या बाजारात उतरवायचा आणि परतीला मिळेल तो माल घ्यायचा. आजचा महामार्ग 65 तेव्हा 9 नंबरचा होता.

2009 च्या उन्हाळ्यात आडत्याकडची बाकी वसूल करायला मी स्वतः हैदराबादला गेले होते. उतरले होते काचीगुड्याला आत्याकडे. विवेकवर्धिनीत शिकलेली माझी ही आत्या घरात मराठी, शेजाऱ्यांशी तेलुगू आणि भाजीवाल्याशी दखनी बोलते. पहाटे हमालांच्या मुकादमाचा फोन आला. मामांच्या छातीत कळ आली होती आणि हमालांनी त्यांना ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. मी आधी तिकडं धावले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मामा आत होते, त्यांचा सदराही आत होता आणि गाडीची चावी सदऱ्याच्या खिशात.

इकडं गाडी कुलूपबंद, अर्धा माल अंगावर, मागं दुसऱ्या लॉऱ्यांची रांग. दिवसा अवजड गाड्यांना शहरात फिरायची बंदी असते, त्यामुळे रात्री आलेल्या गाडीला उजाडायच्या आत रिकामं होऊन शहराबाहेर पडायची घाई. आमच्यामुळे मागची सगळी रांग अडली होती. दुसरी चावी सोलापुरात. ती बसनं यायची म्हटलं तरी दुपार उलटणार. अशा वेळी कुणी शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. कुणीच दिल्या नाहीत. मुकादमानं एका पोराला सायकलवर अफझलगंजला पिटाळलं आणि तो कॅरिअरवर चाबीवाल्या चाचांना बसवून घेऊन आला.

चाचांनी काच फोडली नाही की कुलपात लोखंड घालून ते मोडलं नाही. कोरी पितळी चाबी त्यांनी मेणबत्तीवर धरून काजळली, दाराच्या कुलपात घालून अलगद दाबून फिरवली आणि बाहेर काढून उजेडात न्याहाळली. आतल्या पट्ट्या जिथं टेकल्या होत्या तिथली काजळी पुसली गेली होती. तेवढ्याच जागी कानस फिरवायची, पुन्हा काजळायची, पुन्हा घालून बघायची. दर खेपेला केसाएवढं पितळ कमी. लोक मागून घाई करत होते, पण त्यांचा हात एका लयीत चालला होता. दार उघडलं. तीच चाबी स्टार्टरलाही लागत होती. मुकादमानं ओळखीचा ड्रायव्हर बसवून गाडी बाजूला घेतली, माल उतरला, रांग हलली.

मी पैसे विचारले. चाचांनी कोऱ्या चाबीची किंमत सांगितली आणि मजुरीचं नाव काढलं नाही. म्हणाले, ''आदमी दवाखाने में है, उस दिन की मजदूरी नै लेतौं बेटी.'' मग औजारं गुंडाळता गुंडाळता त्यांनी जे सांगितलं, त्यावर आमची गाडी आजवर चालली आहे. ''एक चाबी गाड़ी के बाहर रखो. असली घर में, बाहर वाली नकल. नकल भी असली से बनाओ, नकल से नकल नक्को. उस पे ना नाम, ना नंबर. और जगा एक कू मालूम रहे तो बेकार, चार कू मालूम रहे तो चोरी.''

यातलं एकेक वाक्य मला पुढं कळत गेलं. नकलेवरून नकल काढली की कानशीची चूक दुप्पट होते आणि ऐन वेळी चावी कुलपात अडते. असली चावी घरात का, तर गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. त्यातली एक गाडीसोबत गेली असेल, तर दावा तिथंच अडकतो. नाव-नंबर नको, कारण वाटेत पडलेली निनावी चावी हा पितळेचा तुकडा असतो आणि नंबर लिहिलेली चावी म्हणजे चोराला दिलेलं आमंत्रण. जागा एकाला ठाऊक असून उपयोग नाही हे तर त्या पहाटे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आजारी एक माणूस पडला होता, अडून बसला होता सगळा बाजार.

मामा बरे होऊन घरी आले आणि गाडी स्प्रिंगच्या पाट्यांच्या कामाला विजयवाडा रस्त्यावरच्या ऑटोनगरात गेली, तेव्हा मी मिस्त्री अण्णांपुढं हा विषय काढला. बाजारात लोहचुंबकाची डबी मिळते, ती चिकटवून टाकू, असं माझ्या मनात होतं. अण्णा मला गाडीभोवती फिरवायला लागले. बंपरच्या मागं हात घातला, ''पहिला हात इधर जाता, अक्का.'' मग मडगार्डची वरची कड, डिझेल टाकीचं झाकण, नंबर प्लेटची मागची बाजू. या सगळ्या जागा चोराला तोंडपाठ. बॅटरीची पेटी नको, ती कुणीही उघडतो. स्टेपनीजवळ नको, पंक्चरच्या दिवशी ती अनोळखी हातात जाते. सायलेन्सरच्या बाजूला नको, तिथं भाजतं. चाकाच्या रेषेत नको, तिथं चिखलाचा मारा. आणि चुंबकाबद्दल ते म्हणाले की, तो कोऱ्या, सपाट लोखंडाला घट्ट धरतो, पण ट्रकच्या पोटाला गंज, ग्रीस आणि धुळीचा थर असतो. मालाची गाडी खड्ड्यात आदळली की डबी इंचाइंचानं सरकते आणि एके दिवशी रस्त्यावर राहते.

त्यांनी सुचवलेला उपाय असा की, जाड पत्र्याची छोटी डबी करायची, झाकण दोन बोल्टांनी आवळायचं, आत रबराचा पट्टा. मी म्हटलं, वेल्डिंग मारून टाका चासीला. त्यावर अण्णा गंभीर झाले. चासीला छेद पाडायचा नाही आणि वेल्डिंगही करायचं नाही, सगळा भार तिच्यावर असतो आणि तडा जातो तो नेमका अशाच जागी, असं त्यांनी मला समजावलं. एका जुन्या ब्रॅकेटचा बोल्ट आधीच होता. त्यालाच त्यांनी डबी अडकवली, वर लॉकनट टाकला आणि आजूबाजूला असतं तसं ग्रीस अन् माती फासली. मग मला वाकून शोधायला सांगितलं. मला सापडली नाही.

''चोर कू दस सेकंद होना,'' अण्णा म्हणाले, ''इधर पाना लगता, लेटना पड़ता, पाँच मिनट लगते.'' गाडीखाली भर रस्त्यात आडवा पडलेला माणूस कुणाच्या तरी नजरेला येतोच. मालकाला पाच मिनिटं जड नाहीत, चोराला फार जड आहेत. माझ्या मते बाहेर ठेवलेल्या चावीच्या सुरक्षिततेचं सगळं शास्त्र या एका हिशेबात आहे.

चावी नीट ठेवून झाली की लोक विसरतात. मामांनी ते होऊ दिलं नाही. दर ऑइल बदलाच्या वेळी ते ती डबी उघडत, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळलेली चावी काढत, दाराला आणि स्टार्टरला लावून फिरवून बघत आणि पुसून परत ठेवत. रोजच्या वापरानं कुलूप झिजतं, जुनी चावीही त्याच्याबरोबर झिजत जाते, पण डबीतली कोरीच राहते. दोघांची फारकत झाली की गरजेच्या दिवशी ती फिरत नाही. हे काम ते धाब्यावर कधी करत नसत. कुणी हमाल, कुणी क्लीनर जवळ असला तर थांबत. जागा तिघांनाच ठाऊक होती, मामांना, अण्णांना आणि मला. मामांनी गाडी सोडून स्टिअरिंग भाच्याच्या हाती दिलं, तेव्हाही त्यांनी आधी मला विचारलं, ''ताई, माझ्या जागी आता ह्याला दाखवू का?''

मग 2020 चा मार्च आला. गाडी पाट्यांसाठी ऑटोनगरात अण्णांच्या दारात उभी होती. काम होईपर्यंत दोन दिवस घरी जाऊन येतो म्हणून भाचा उमरग्याला गेला, चावी त्याच्या खिशात. 22 ला जनता कर्फ्यू झाला आणि 25 पासून देश बंद. मी सोलापुरात, तो उमरग्यात आणि गाडी तीनशे किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला. त्या रात्री अण्णांचाच फोन आला. ''अक्का, गाड़ी की फिकर नक्को करो. चाबी का पता मेरे पास है, तो गाड़ी भी मेरे पास है.''

त्यांनी डबी उघडली, गाडी शेडच्या आत घेतली. पोरं गावी गेलेली, गिऱ्हाईक नाही, शेडला कुलूप, उत्पन्न शून्य. तरी दर आठवड्याला ते येऊन इंजिन सुरू करत. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, ब्रेकच्या टाकीतली हवा जाते, एकाच जागी भार पडून टायर बसतात आणि उंदीर वायरी कुरतडतात. हे सगळं त्यांनी सांभाळलं. मालाचे ट्रक पुन्हा धावायला लागले, तेव्हा ऑटोनगरात अडकून पडलेला आमच्याच भागातला एक ड्रायव्हर त्यांनी शोधला, मला फोनवर बोलायला लावलं आणि माल भरून गाडी सोलापूरला पाठवली. चावी त्याच्या हातात दिली, पण जागा दाखवली नाही. शेडचं भाडं मी विचारलं, त्यांनी विषय बदलला. मी पैसे पाठवले, ते परत आले. पाट्यांचं बिल तेवढं त्यांनी घेतलं, तेही ठरलं होतं तेवढंच.

त्याच साली 13 ऑक्टोबरला हैदराबादेत जो पाऊस कोसळला, त्यात ही गाडी सखल रस्त्यावर रात्रभर पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर भाच्यानं डबी उघडून मला फोटो पाठवला. ट्यूबच्या आत चाचांनी घडवलेलं पितळ कोरडं होतं. तो फोटो मी आत्याला पाठवला, चाचांना दाखवून येशील का म्हणून. अफझलगंजचे चाचा त्याच्या आधीच गेले होते. त्यांच्या जागी आता त्यांचा नातू बसतो. आत्यानं फोटो त्याला दाखवला. तो म्हणाला, हा हात दादांचा आहे, कानशीच्या रेघांवरून ओळखता येतो.

आता गाडी नवी आहे. तिच्या चावीत चिप असते. नुसतं पितळ कापून दार उघडेल, इंजिन लागणार नाही. चिपची चावी बाहेर ठेवणं म्हणजे गाडीच देऊन टाकणं. म्हणून अण्णांशी बोलून मी काम दोन भागांत वाटलं आहे. बाहेरच्या डबीत फक्त दाराची साधी नकल आणि चिप असलेली जास्तीची चावी कॅबिनच्या आत, कुलपाच्या वेगळ्या लोखंडी पेटीत. त्या पेटीची किल्ली ड्रायव्हरकडे नसते. बाहेरची डबी सापडली तरी चोराच्या हाती कॅबिन लागेल, गाडी लागणार नाही. चाचांचं सूत्र मात्र एकही बदलावं लागलं नाही.

तिघांचं ऋण मी फेडू शकले नाही, आणि त्यांनी ते तसं मोजलंही नाही. म्हणून मी ते पुढं चालवते. गेल्या काही वर्षांत अण्णांच्या ओळखीच्या एका लॉरीमालकानं आपल्या गाडीच्या चावीची जागा मला सांगून ठेवली आहे. त्याची ती गाडी दर आठवड्याला सोलापूरवरून पुण्याकडं जाते. त्याचा ड्रायव्हर इथं आजारी पडला, अपघातात सापडला किंवा घरच्या दुःखापायी गाडी सोडून गेला, तर कितीही वाजता फोन आला तरी मी जाणार आहे. तेरा नंबरचा पाना माझ्या स्कूटरच्या डिकीत असतो. त्या माणसाला मी एकदाच भेटले आहे. जागा सांगताना त्यानं मला एवढंच विचारलं होतं, ''अण्णा बोले, सोलापुर में आप हैं. है ना?'' मी हो म्हटलं आहे.